पुरे कोणी म्हणावे?



गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. माउलींनी तेथे निरूपण करताना आहाराला माप लावण्यास सांगितले आहे. हा विषय आम्ही कीर्तनात कितीदा तरी मांडला असेल. पण तो आमच्या अंगी किती मुरला होता, याची परीक्षा झाली ती अमेरिकेतील एका चिनी खाणावळीत. त्यात आमची फजितीच झाली. तरी सज्जनांपासून ती लपवीत नाही.

न्यू जर्सीत आमचा भाचा असतो. त्याच्याकडे राहिलो असता एका द्वादशीला बाहेरच्या कामात पारण्याची वेळ टळून गेली. आदल्या दिवशी निरंकार एकादशी झालेली. भाचा म्हणाला, "मामा, समोर चिनी बुफे आहे. स्वस्त आहे. भात आणि फळं तरी मिळतील."

बुफे म्हणजे काय, तर दारातच ठराविक पैसे भरायचे, ताटली उचलायची, आणि वाफेवर गरम ठेवलेल्या लांबच लांब पात्रांतून हवे ते, हवे तितक्या वेळा, आपल्या हाताने वाढून घ्यायचे. भाचा सहज बोलून गेला, "कितीही घ्या, पैसे तेवढेच!"

येथे कोणी शंका घेईल की, माळकऱ्याने अशा ठिकाणी जावेच का? समाधान असे की, टाळता येईल तर टाळावे. आम्ही भुकेने गेलो, हे कबूल. पण गेल्यावर विचारल्यावाचून घास घेऊ नये. परतलेल्या भातात अंडे असते, कोळंबी तळलेल्या तेलातच बटाटा तळतात, आणि हिरव्या शेंगा दिसायला निर्दोष असल्या तरी त्यांत पुष्कळदा कालवांचा रस घातलेला असतो. तेथे ताटल्या उचलणारा एक चिनी पोरगा होता. त्याला ना आमची भाषा येत होती, ना नीटशी इंग्रजी. आम्ही गळ्यातील तुळशीची माळ दाखवून शेंगांकडे बोट केले. त्याने माळेकडे पाहिले, हात जोडले आणि जोराने मान हलविली. मग आत जाऊन नुसत्या पाण्यात उकडलेली भाजी आणि पांढरा भात घेऊन आला. चीनमधील बौद्ध भिक्षूंच्याही हाती जपमाळ असते, ते मांस खात नाहीत. आणि कित्येक गृहस्थ चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला शाकाहार पाळतात. त्या पोराने आमचे व्रत ओळखले आणि राखले.

आणि आम्ही काय केले? त्या भातावर आणखी भात घेतला. अननस, कलिंगड, संत्री यांचा ढीग रचला. मनात हिशेब चालला होता, पैसे भरले आहेत ना, मग वसूल करू! एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ते काही खोटे नाही. अर्धी ताटली होते न होते तोच पोट भरले. उरलेले तसेच राहिले. तोच पोरगा आला, ताटली उचलली, आणि आमच्या डोळ्यांदेखत सारे कचऱ्याच्या पिंपात गेले. तो काही बोलला नाही. आम्हाला मात्र मान वर करवेना.

वाटेत भाच्याने सांगितले, "मामा, ह्यांतले पुष्कळजण फूचौ शहराच्या आसपासचे. इकडे यायला डोक्यावर कर्ज घेऊन येतात. न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतल्या कचेऱ्या त्यांना दूरदूरच्या खाणावळींत धाडतात. मालक देईल त्या खोलीत चार-सहाजण राहायचे, दिवसाचे दहा-बारा तास राबायचे." ज्या देशाने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले आणि १९४३ पर्यंत तो कायदा ठेवला, त्याच देशाच्या गावोगावी आज ही मंडळी लोकांना जेवू घालीत आहेत. आम्ही टाकलेल्या भातात त्या पोराचे कष्ट होते.

आता कोणी म्हणेल, पैसे दिले ना, मग टाकले तर बिघडले कोठे? सज्जनहो, पैशाने वाढून घेण्याची मुभा मिळते. अन्न नासण्याचा अधिकार मिळत नाही. शेतकऱ्याचा घाम, पावसाचे पाणी, रांधणाऱ्याचे हात यांची किंमत दारातल्या गल्ल्यावर चुकती होत नसते.

दिंडीच्या पंगतीत वाढपी वेगळा आणि जेवणारा वेगळा असतो. वाढपी आग्रह करतो, आपण पानावर आडवा हात धरतो. शेजारच्याच्या पानात पडले की नाही, तेही दिसते. सर्वांना वाढून झाल्यावर जयघोष होतो, मगच पहिला घास. बुफेत वाढपीही आपण आणि जेवणारेही आपणच. मग पानावर हात कोणी धरावा? बाहेर कोणी नाही, म्हणून तो धरणारा आतच बसवावा लागतो. त्याचेच नाव विवेक. एकादशीला अन्न समोर नसताना उपवास घडला, ही मोठी गोष्ट नव्हे. द्वादशीला समोर ढीग असताना जो थोडे घेतो, घेतलेले संपवतो आणि उठतो, त्याची एकादशी पांडुरंगाला पावली.

तेव्हापासून आमचा नेम आहे: पहिल्याने दोनच घास पुरेल एवढे घ्यावे, नाम घ्यावे, पान स्वच्छ करावे, लागलेच तर पुन्हा उठावे. आणि जो उष्टे उचलतो, त्याला मनोमन नमस्कार करावा. त्या अनोळखी पोराने आमची माळ राखली. आम्हाला त्याचे अन्न राखता आले नाही. हे ऋण फेडण्याची बुद्धी पांडुरंगाने द्यावी, एवढेच मागणे.

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल!