खवट दाणे

सिन्नरच्या पेठेत तात्यांचं किराणा दुकान. गल्ल्याखालच्या खणात विडीचं बंडल, आणि गणपतीपासून त्याच्या शेजारी एक बाटली, मुलाने मुंबईहून आणलेली. वर गाजराचं चित्र, आत बीटा कॅरोटीनच्या गोळ्या. सकाळी एक गोळी घेतली की तात्या निर्धास्त. पूर्वी दिवसाला एक बंडल पुरायचं. आता दिवेलागणीला दुसरं फुटू लागलं. काकू बोलल्या की म्हणत, "फुफ्फुसाला राखणदार ठेवलाय."

दिवाळीला पुतणी आली. पुण्याला जीवरसायनशास्त्र शिकवते. दुकानात बसल्या बसल्या तिने पोत्यातले चार दाणे तोंडात टाकले आणि थुंकले.

"तात्या, खवट झालेत."

"वरचेच. खालचे चांगले आहेत."

"आज आहेत. दाण्यातल्या तेलाच्या एका रेणूचा हायड्रोजन गेला की तो शेजाऱ्याचा ओढतो, शेजारी त्याच्या पुढच्याचा. असा ओढाताण करणारा रेणू म्हणजे फ्री रॅडिकल. आपल्या पेशींच्या आवरणातही अशीच स्निग्धं असतात. विडीच्या धुरातून तर हे भामटे थेट छातीत उतरतात."

"म्हणून तर गोळी!"

पुतणीने लगेच खोडून काढलं नाही. ई जीवनसत्त्व स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं, मग सी जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावतं, हे तिने मान्य केलं. शरीर स्वतःची विकरंही बनवतं. शिवाय पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच रॅडिकल वापरतात, म्हणजे सगळेच नाहीसे करून चालत नाही.

"भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसायचा," ती म्हणाली, "म्हणून फिनलंडमध्ये तुमच्यासारख्या एकोणतीस हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन. 1994 साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त."

"कमी म्हणायचंय तुला."

"जास्त. अमेरिकेतही तशीच चाचणी चालू होती. तिथेही उलटंच दिसायला लागलं, म्हणून 1996 मध्ये मुदतीआधी थांबवली. धुराच्या माऱ्यात कॅरोटीनच बिघडून नवे भामटे तयार होत असावेत, असा अंदाज आहे. गाजर खुशाल खा, त्याचा यात दोष नाही."

तात्यांनी बाटली उलटीसुलटी केली, किंमत वाचली. "अर्धी उरलीय. दुकानदार परत घेईल?"

"फोडलेला माल तुम्ही घेता?"

तात्या हसले नाहीत. पोतं मात्र त्यांनी त्याच दुपारी मागच्या खोलीत हलवलं.

पुतणी निघाली तेव्हा काकूंनी तिला दारापाशी गाठलं. दिवेलागणीचं बंडल बंद झालंय म्हणाल्या. सकाळच्यासाठी भांडण अजून चालू आहे.