श्वानशिक्षण आणि धन्याचा धर्म

महाभारताच्या आदिपर्वांत अगदीं आरंभींच एका कुत्र्याच्या पिलाची फिर्याद आलेली आहे. जनमेजय राजा आपल्या भावांसह कुरुक्षेत्रांत दीर्घसत्र करीत असतां सरमेचें पिलूं तेथें आलें, आणि राजाच्या भावांनीं त्यास मारलें. तें रडत आईकडे गेलें व आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं, असें त्यानें तिला सांगितलें. सरमेनें सत्रांत येऊन विचारलें कीं, ह्यानें कांहीं अपराध केला नसतां ह्यास कां मारलें? कोणींहि उत्तर दिलें नाहीं. तेव्हां, तुमच्यावर अदृष्ट भय येईल, असा शाप देऊन ती निघून गेली. आणि राजानेंहि तो शाप थट्टेवारी नेला नाहीं. आज आपल्या शहरांतील लहान लहान बिऱ्हाडांतून लहान जातीचीं चपळ पिलें बाळगण्याची आवड वाढत असतां सरमेचा हा प्रश्न पुनः विचारण्याजोगा झाला आहे.

उदाहरणादाखल जॅक रसेल टेरियर ही जात घेऊं. इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत जॉन रसेल (१७९५–१८८३) नांवाचा एक शिकारीचा षोकी पाद्री होऊन गेला. १८१९ च्या सुमारास, ऑक्सफर्ड येथें शिकत असतां, त्यानें एका गवळ्यापासून ‘ट्रंप’ नांवाची कुत्री विकत घेतली व तिच्यापासून ही परंपरा चालू झाली, अशी हकीकत सांगतात. ‘टेरियर’ ह्या शब्दाच्या मुळाशीं भूमिवाचक लॅटिन शब्द आहे. कोल्हा बिळांत शिरला कीं, त्याच्या पाठोपाठ आंत शिरावें, अंधारांत एकट्यानें त्याच्यासमोर उभें राहून भुंकावें आणि त्याला बाहेर काढावें, हें ह्या कुत्र्याचें काम. उंची अवघी २५ ते ३० सेंटिमीटर. परंतु माती उकरण्याची हौस, भुंकण्याचा चिवटपणा आणि माघार न घेण्याचा हट्ट हे गुण माणसानें पिढ्यानपिढ्या निवड करून त्याच्या रक्तांत मुरविले. पुढें २००४ च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समध्यें कुत्र्यांकरवीं होणारी कोल्ह्याची शिकार बहुतांशीं बंद झाली. काम गेलें, स्वभाव राहिला. तेंच पिलूं आपण तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवतों, आणि त्यानें तुळशीची कुंडी उकरली कीं त्यास द्वाड म्हणतों! ज्या गुणांसाठीं आपण त्याला घडविलें, तेच गुण आतां आपणांस गैरसोयीचे झाले, एवढाच काय तो त्याचा अपराध.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, स्वभाव जर असा रक्तांतलाच, तर शिकविण्याचा खटाटोप हवा कशाला? कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच. पण ही म्हण शेपटाविषयीं खरी असली तरी कुत्र्याविषयीं खरी नाहीं. स्कॉट आणि फुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें निरनिराळ्या जातींचीं पिलें वाढवून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळांत पिलाला ज्या माणसांची व वस्तूंची ओळख होते, तीं त्याला पुढें आपलीशीं वाटतात. तो काळ वायां गेला तर भित्रेपणा सहजासहजीं जात नाहीं, असें त्यांस आढळलें. शिवाय हांक मारली असतां परत न येणारें कुत्रें रस्त्यावर मोटारीखालीं सांपडतें. म्हणून त्यास न शिकविणें ही दया नव्हे, हयगय होय. शिकवावें कीं नाहीं, हा वादाचा विषयच नाहीं. कसें शिकवावें, हा आहे.

पुष्कळ घरांतून ह्या प्रश्नाचें उत्तर हातांत गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानें दिलें जातें. धनी सायंकाळीं घरीं येतो, दुपारीं फाडलेली चप्पल पाहतो आणि पिलाला मारतो. परंतु कुत्र्याच्या मनांत कृति आणि फळ ह्यांचा सांधा क्षणांचाच असतो. चार तासांपूर्वींच्या चपलेचा आतांच्या फटक्याशीं संबंध त्यास लावतां येत नाहीं. धनी दारांतून आला आणि मार बसला, एवढाच संबंध तें शिकतें. ‘पण तें कान पाडून अपराध्यासारखें पाहतें कीं!’ असें लोक म्हणतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ ह्या अमेरिकन संशोधिकेनें २००९ साली ह्याच समजुतीची परीक्षा प्रसिद्ध केली. मना केलेला खाऊ कुत्र्यानें खाल्ला कीं नाहीं, ह्याविषयीं धन्यास कधीं खरें तर कधीं खोटें सांगण्यांत आलें. तो अपराधी चेहरा कुत्र्याच्या कृत्यावर अवलंबून नसून धन्याच्या रागावण्यावर अवलंबून होता. इतकेंच नव्हे, तर ज्यांनीं खाऊला तोंडहि लावलें नव्हतें, त्यांच्या ठिकाणीं तो अधिक दिसला. म्हणजे ज्यास आपण कबुलीजबाब समजतों, ती केवळ भीतीची भाषा आहे. भीतीनें मिळालेल्या कबुलीवर न्याय करूं नये, हें आपण माणसांच्या बाबतींत मानतों. मुक्या प्राण्याच्या बाबतींत मात्र तीच कबुली आपणांस पुरेशी वाटते.

ह्या मार्गाचें फळ व्यवहारांतहि वाईटच. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलें कुत्रें पुष्कळदां गुरगुरणें सोडतें, भीति सोडीत नाहीं. आणि एके दिवशीं कांहींएक सूचना न देतां घरांतल्या मुलाला चावतें. सरमेच्या शापांतील ‘अदृष्ट भय’ ह्याहून निराळें काय असणार?

दुसरा मार्ग बक्षिसाचा. पिलूं झोंपेंतून उठलें, जेवलें, खेळून थांबलें कीं त्यास बाहेर न्यावें. योग्य ठिकाणीं विधि उरकतांच खाऊ द्यावा. दांत येण्याच्या दिवसांत चपलेऐवजीं चावण्याजोगी वस्तु पुढें करावी. ह्याला कोणी लांच म्हणतात. पण लांच ही कर्तव्य मोडण्यासाठीं देतात. येथें तर कर्तव्य काय, हें सांगण्याला दुसरी भाषाच नाहीं. याहून गंभीर आक्षेप असा कीं, खाऊनें वळविलेली इच्छा ही देखील वळविलेलीच इच्छा. साखळी गोड केली म्हणून ती साखळी नव्हे काय? हा आक्षेप मला सर्वस्वीं खोडून काढतां येत नाहीं. कुत्र्यानें काय खावें, कोठें राहावें, त्याला पिलें व्हावींत कीं नाहीं, हें सारें आपणच ठरवितों. तथापि शिक्षणाची एक कसोटी लावतां येते. ज्या शिक्षणानें शिकणाराचें मोकळें क्षेत्र वाढतें तें शिक्षण. ज्यानें केवळ शिकविणाराची सोय वाढते तें दास्य. हांकेला परत येणारें कुत्रें मैदानांत मोकळें सोडतां येतें. न शिकलेलें जन्मभर दोरीला राहतें. उलट, मारानें कोपऱ्यांत निमूट बसलेलें कुत्रें पाहुण्यांस गुणी दिसलें, तरी त्याचें जग त्या कोपऱ्याएवढेंच झालेलें असतें.

ह्याच कसोटीनें धन्याचीहि परीक्षा होते. आपल्या देशांत १९६० साली झालेल्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यांत, नेहमीं बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसें न फिरविणें हाहि गुन्हा मानला आहे. त्याचा दंड क्षुल्लक आहे. तत्त्व क्षुल्लक नाहीं. ज्यास आपण ‘आज्ञाभंग’ म्हणतों, तो पुष्कळदां आपल्याच चुकविलेल्या फेरफटक्याचा हिशेब असतो. देह लहान म्हणून गरज लहान, असें समजून पिलूं आणावयाचें आणि मग कामाची सबब सांगून त्यास सज्जांत कोंडावयाचें, ह्यांत शिस्त मोडणारा कोण?

घरांतील मुलें हें सारें पाहत असतात. दुबळा प्राणी चुकला असतां बलवानानें काय करावें, ह्याचा त्यांना मिळणारा पहिला धडा बहुधा हाच असतो, आणि तो देतांना आपण शिक्षक आहों ह्याचें भान आपणांस क्वचितच असतें. पिलूं विकत आणण्यापूर्वीं त्याची जात, रंग आणि किंमत ह्यांची चौकशी आपण करतों. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याबरोबर कोण चालणार, ही चौकशी आधीं करावी. आणि तिचें उत्तर मिळालें नाहीं, तर पिलूं आणूं नये.