सांगता येईल तो हक्क

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत परराष्ट्र धोरणावर एक भाषण झालं. वक्ते अभ्यासू होते, तयारीने आले होते. मानवी हक्कांचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "आधी पोटोबा, मग विठोबा." चीनने चाळीस वर्षांत जवळपास 80 कोटी माणसं दारिद्र्यातून वर काढली, हक्कांची भाषणं करणाऱ्यांनी काय केलं, असा त्यांचा सवाल होता. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचं वाईट वाटलं, कारण त्या वाजवणारी माणसं निर्दय नव्हती. त्यांतल्या कितीतरी जणांनी बहात्तरचा दुष्काळ अंगावर काढला होता.

या विषयावर आपल्याकडे एवढंच बोललं जातं: चीन मोठा झाला, मग हक्कांचं काय घेऊन बसलात. मानवी हक्क म्हणजे पाश्चात्त्यांचं खूळ, असंही कुणी म्हणतं. पण 1948च्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' जाऊन 'सर्व माणसं' आली ती मुंबईच्या विधिमंडळात बसलेल्या हंसा मेहतांच्या आग्रहाने, आणि ज्या आयोगाने तो मसुदा केला त्याचे उपाध्यक्ष पी. सी. चँग हे चिनी होते. दुसरे म्हणतात, अमेरिका दुटप्पी आहे. आहेच, ग्वांतानामोचा तुरुंग सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुणाला दुटप्पी म्हणायचं तर नियम आधी खरा मानावा लागतो. या दोन आक्षेपांत मी वेळ घालवणार नाही. माझं भांडण पोटोबाशी आहे, कारण तो युक्तिवाद माणसाच्या भुकेची आण घेऊन येतो आणि त्यामुळे भल्या माणसांना पटतो.

दारिद्र्य हटल्याचा आकडा खरा आहे आणि तो फार मोठा आहे. त्याला नाकं मुरडणाऱ्याने उपास काढलेला नसतो. प्रश्न एवढाच, की ही भाकरी आली कुठून?

1959च्या जुलैत लुशानच्या डोंगरावर चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्यांची बैठक भरली होती. संरक्षणमंत्री पंग दहुआय आदल्या वर्षी आपल्या हूनान प्रांतात फिरून आले होते. कागदावरचं पीक आणि शेतातलं पीक यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी माओंना एक खाजगी पत्र लिहिलं, भाषाही सांभाळून वापरली. माओंनी ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि पंग पक्षद्रोही ठरले. त्यांचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर धान्य कमी आहे असं वर कळवणारा प्रत्येक माणूस संशयित झाला, म्हणून वर कुणी कळवेना, आणि गावांतून धान्याची उचल चालूच राहिली. तेव्हा पडलेल्या दुष्काळात किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. पोटोबाच्या नावाने तोंड बंद केलं, आणि पोटच रिकामं राहिलं. याहून उघड पुरावा मी कुठून आणू?

पुढचा पुरावा तर खुद्द चिनी सरकार मिरवतं. आन्हुई प्रांतातल्या फंगयांग तालुक्यात शाओगांग नावाचं खेडं आहे. 1978च्या डिसेंबरात तिथल्या 18 कुटुंबांच्या कर्त्या माणसांनी रात्री एका घरात जमून एक कागद केला. सामूहिक शेत आपसांत वाटून घ्यायचं, सरकारचा वाटा देऊन उरेल ते ज्याने पिकवलं त्याचं. हे तेव्हा बेकायदा होतं. म्हणून कागदावर एक वाक्य जास्तीचं होतं: आपल्यापैकी कुणी तुरुंगात गेलं तर त्याची मुलं 18 वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. त्याखाली लाल शाईचे अंगठे. तो कागद आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चीनच्या खेड्यांत भाकरी परत आली त्याचा आरंभ म्हणून हाच कागद दाखवला जातो, आणि तो कागद म्हणजे राजकीय मतभेद आहे, दुसरं काही नाही. घोषणा न देता, मोर्चा न काढता, सत्तेने ठरवलेलं आम्हांला मान्य नाही असं 18 घरांनी लिहून ठेवलं होतं. वर तेव्हा ऐकून घेणारे कुणी निघाले म्हणून त्यांचं कौतुक झालं. न निघते तर? 'आधी विकास' म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाला उत्तर दिलेलं मी अजून ऐकलं नाही.

अंगठ्याचा आणखी एक कागद मला विसरता येत नाही. वूहानचे नेत्रवैद्य ली वनलियांग यांनी 30 डिसेंबर 2019 रोजी सहकारी डॉक्टरांना नव्या साथीबद्दल सावध केलं. 3 जानेवारीला पोलिसांनी बोलावून त्यांच्यासमोर समजपत्र ठेवलं. छापील मजकुरात प्रश्न होते: हे थांबवाल का? समजलं का? खाली त्यांच्या हातची उत्तरं, 'हो' आणि 'समजलं', आणि त्यांवर लाल अंगठे. 7 फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले. शाओगांगच्या अंगठ्यांनी धान्य आणलं. या अंगठ्याखाली दबलेला इशारा काय थोपवू शकला असता याचा हिशेब मांडणं कठीण आहे, पण तो मांडायची तयारी तरी आपण दाखवायला हवी.

आता आपल्याकडचं. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायच्या कामावर होती. मिलोची भाकरी, मुलांना सुकडी, दिवसभर ऊन. त्याची ती कधी फारशी तक्रार करत नसे. ती पुन्हा पुन्हा सांगायची ती एकच गोष्ट. तीन आठवडे पगार वाटला नव्हता. एका सकाळी बायका कामावर न जाता रिकामी घमेली घेऊन तालुक्याला चालत गेल्या आणि कचेरीच्या पायरीवर बसल्या. साहेब बाहेर आले नाहीत तेव्हा एका म्हातारीने घमेलं फरशीवर आपटायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. संध्याकाळी पगार झाला. अशा घमेल्यांचे आवाज तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत होत होते. मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं छापत होती, विधानसभेत सरकारला उत्तर द्यावं लागत होतं. 1973च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचा 1977चा कायदा उभा राहिला: मागेल त्याला काम, आणि 15 दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता. पाऊस तर महाराष्ट्रातही पडला नव्हता. फरक पावसात नव्हताच.

मराठीत आपण हक्क 'सांगतो'. भीक मागतो, कृपा होते, मदत मिळते. हक्क मात्र सांगावा लागतो, आणि तो देणाऱ्याच्या तोंडावर सांगावा लागतो. सगळा वाद माझ्या मते या एका क्रियापदापाशी येऊन थांबतो. सरकारने दिलेलं धान्य, घर, औषध हे सगळं चांगलंच, पण ते नुसतं मिळालेलं असेल तर उद्या थांबल्यावर ज्याला पायरीवर बसता येत नाही त्याच्या हातात काय उरतं? मिळणं आणि सांगता येणं यांत जे अंतर आहे, तेच पुसून टाकण्याचं काम गेली तीस वर्षं आंतरराष्ट्रीय मंचांवर चिकाटीने चाललं आहे.

1991 साली चीनने मानवी हक्कांवर पहिली श्वेतपत्रिका काढली. तिने उपजीविकेचा हक्क सर्वांत पहिला ठरवला. तेव्हा तो बचाव होता. 2018च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत चीनने 'परस्परहिताच्या सहकार्या'चा ठराव आणला आणि तो 28 विरुद्ध 1 मताने संमत झाला. 17 देश तटस्थ राहिले. शब्द ऐकायला गोड आहेत, पण सहकार्य होतं ते सरकारांचं सरकारांशी. ज्याने हक्क सांगायचा तो माणूस त्या वाक्यात कुठेच नाही.

6 ऑक्टोबर 2022 रोजी तर शिनजियांगमधल्या उइगुरांच्या स्थितीवर नुसती चर्चा करावी, एवढाच प्रस्ताव होता. संयुक्त राष्ट्रांच्याच मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल पाच आठवड्यांपूर्वी आला होता. प्रस्तावाच्या बाजूने 17, विरुद्ध 19, तटस्थ 11. तटस्थांत भारत होता. विशिष्ट देशावरचे ठराव उपयोगाचे नसतात, ही आपली जुनी भूमिका असल्याचं सांगितलं गेलं. सीमेवरची गुंतागुंत मला कळते, छोट्या देशांवरची कर्जं कळतात. तरी ज्या देशाच्या प्रतिनिधीने 1948च्या जाहीरनाम्यातला शब्द बदलून घेतला, त्याने निदान बोलू द्यावं असं म्हणायला हवं होतं. हे मत मी मऊ करू शकत नाही.

चिनी कार्यकर्त्या चाव शुनली यांचं नाव त्या व्याख्यानात आलं नाही. मानवाधिकार परिषदेत दर काही वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा होतो. आपल्या देशाच्या अहवालात नागरिकांचंही म्हणणं यावं एवढीच त्यांची मागणी होती. त्यासाठी 2013च्या उन्हाळ्यात त्या आणि त्यांचे सोबती बीजिंगला परराष्ट्र खात्याबाहेर बसून राहिले. त्या बसण्यात आणि घमेली घेऊन पायरीवर बसण्यात मला काही फरक दिसत नाही. सप्टेंबरमध्ये जिनिव्हाला निघाल्या असताना त्यांना विमानतळावर पकडलं. कोठडीत आजार बळावला, वेळेवर उपचार मिळाले नाहीत, आणि 14 मार्च 2014 रोजी त्या गेल्या. पुढच्याच आठवड्यात परिषदेत चीनचा आढावा संमत व्हायचा होता. एका संस्थेने आपल्या बोलण्याच्या वेळेत त्यांच्यासाठी क्षणभर स्तब्धता पाळण्याची परवानगी मागितली. चीनने हरकत घेतली: वेळ बोलण्यासाठी दिला आहे, गप्प राहण्यासाठी नाही. त्यावर तासभराहून अधिक वाद चालला. स्तब्धतेला परवानगी मिळाली नाही. तेव्हा सभागृहाच्या मागच्या बाजूला बसलेले कार्यकर्ते चाव यांची छायाचित्रं हातात धरून उभे राहिले, आणि काही न बोलता उभेच राहिले.