बाप्तिस्मा झाला, पुढे काय?

बाप्तिस्म्याच्या रविवारी मंडळीत आनंदीआनंद असतो. गाणी होतात, हार पडतात, फोटो निघतात, प्रीतिभोजन होते. सोमवारी तो नवा विश्वासणारा आपल्या गल्लीत परततो. भावाने बोलणे टाकलेले असते, आई रडत बसलेली असते, घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. त्या वेळी मंडळी त्याच्याजवळ नसेल, तर आदल्या दिवशीच्या गाण्यांना काय अर्थ उरतो?

प्रेषितांच्या कृत्यांत ख्रिस्तशिष्यांचा छळ करणाऱ्या शौलाचे उदाहरण आहे. ख्रिस्ताच्या दर्शनानंतर आंधळा होऊन पडलेल्या या छळकर्त्याजवळ हनन्या नावाचा शिष्य गेला आणि त्याला बंधू म्हणाला. पुढे यरुशलेमात सारे शिष्य त्याला भीत होते, तेव्हा बर्णबाने त्याला जवळ करून प्रेषितांकडे नेले. ही दोन माणसे पुढे आली म्हणून शौल मंडळीत टिकला. आज आपल्याकडे उपदेशकांची वाण नाही; बर्णबा मात्र शोधावे लागतात.

नव्या विश्वासणाऱ्याला आधार देण्याचे हे काम आपल्या महाराष्ट्रातही झालेले आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री 1843 मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे मांग समाजातून आलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. प्रार्थनेबरोबर माणसाला घर, शेत आणि शेजारही लागतो, हे त्यांनी ओळखले होते. गाव ज्याला वाळीत टाकते, त्याची भाकरी आधी हिरावली जाते. म्हणून नव्या भावाला काम मिळवून देणे हीसुद्धा मंडळीचीच सेवा आहे. मात्र ही मदत आमिष ठरू नये. ती उघडपणे, हिशेब ठेवून आणि त्याला स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी असावी.

दुसरी गोष्ट घराची. 1895 मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या पतीकडे आल्या, तरी सोवळेओवळे पाळत राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नव्या विश्वासणाऱ्याला घरच्यांशी नाते तोडायला लावणाऱ्यांनी हा धीर शिकावा. आईवडिलांचा मान राखणे ही देवाचीच आज्ञा आहे. टिळकांनी आपले नाव ठेवले, अभंग आणि कीर्तन ठेवले. नव्या माणसाकडून याहून अधिक मागण्याचा आपल्याला अधिकार काय?

सर्वांत कटू गोष्ट जातीची. प्रभुभोजनाला एका पंगतीत बसायचे आणि सोयरीक जुळवताना मूळ जात विचारायची, हे पाप आहे. ज्या गोष्टीला कंटाळून माणूस आपल्या दारात आला, तीच त्याला आत भेटली तर आपण त्याला फसवले. दलित तरुणाला तर आणखी एक गोष्ट बाप्तिस्म्याआधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. हे लपवणे अप्रामाणिकपणा आहे. आणि सांगितल्यावर त्याच्या शिक्षणाचा भार वाटून घेणे आपले कर्तव्य आहे.

पाळकांनी आणि पंचांनी एवढे ठरवावे. प्रत्येक नव्या विश्वासणाऱ्यामागे मंडळीतले एक कुटुंब उभे राहील. ते त्याच्यासोबत शुभवर्तमान वाचेल, त्याच्या शंका न रागावता ऐकेल, आठवड्यातून एकदा त्याला जेवायला बोलावेल, आजारपणात दवाखान्यात जाईल, त्याच्या आईवडिलांना आदराने भेटेल. विश्वास मुरण्याआधी त्याला साक्ष द्यायला व्यासपीठावर ओढणार नाही. आणि तो मागे फिरला, तरी त्याच्यासाठी दार लावणार नाही.

अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा लिहिताना यंदापासून शेजारी आणखी एक आकडा लिहा: मागच्या वर्षीच्यांपैकी किती जण आज आपल्यात आहेत. तो लिहिण्याचे धैर्य नसेल, तर पहिला आकडाही लिहू नका.