चव, तहान आणि माप

फ्रान्समध्ये नव्हेरच्या परिसरातून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत ल्वार नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. वाटेत जुने मठ लागतात, तसेच द्राक्षमळेही. आणि मध्ययुगात यांतले कित्येक मळे मठांनीच राखले होते. संयमाचे व्रत घेतलेल्यांनी वाइन पिकवली कशी, आणि तिच्या चवीसाठी केलेला प्रवास संयमात बसतो का, असा प्रश्न या खोऱ्यात पडतोच.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमेकियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात संयमाची हद्द आखताना नेमका वाइन पारखणाऱ्यांचा उल्लेख केला आहे. रसारसांतला भेद ओळखणे हे पारख्यांचे काम. असंयमी माणसाला त्यात गोडी नसते, त्याला घशाखाली उतरणाऱ्या घोटाचा स्पर्श हवा असतो. म्हणूनच एका खादाडाने आपला गळा क्रौंचाहूनही लांब व्हावा अशी प्रार्थना केली, असे तो सांगतो. तूर शहराजवळच्या वूव्रे गावी हा भेद डोळ्यांना दिसतो. मऊ चुनखडीत कोरलेल्या थंड तळघरात पेल्याच्या बुडाशी थोडी शनँ ब्लाँ वाइन ओततात. पेला उजेडात धरायचा, वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा आणि जवळच्या भांड्यात थुंकून टाकायचा. तरीही अ‍ॅरिस्टॉटलची विभागणी अपुरी पडते. पारखण्याचीही हाव असते. दुपारभर एकामागून एक तळघरे गाठत सुटलेला माणूस एकही घोट न गिळता अतिरेक करू शकतो.

सेंट बेनेडिक्टचे उत्तर अधिक खोल आहे. त्याच्या अस्थी याच मार्गावरच्या सँ-बन्वा-स्यूर-ल्वार येथील मठात आहेत, अशी तिथली श्रद्धा आहे. सहाव्या शतकात त्याने मठवासीयांसाठी केलेल्या नियमावलीचे ४० वे प्रकरण वाइनविषयी आहे. संन्याशाने वाइन पिऊच नये, हे जुने मत त्याला माहीत होते. पण ते आता कोणाला पटणार नाही हे मान्य करून त्याने रोज एक ‘हेमिना’ ठरवून दिली. ती पाव लिटर की अर्धा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. महत्त्वाचे हे, की जागा, श्रम किंवा उन्हाळा पाहून वाढ द्यायची की नाही हे मठाधिपतीने ठरवायचे, आणि जिथे वाइन मिळतच नाही तिथल्यांनी कुरकुर करायची नाही. माप ज्याच्या त्याच्या जिभेवर सोडलेले नाही.

मिस्सा या ख्रिस्ती उपासनेत द्राक्षांची वाइन लागतेच, त्यामुळे चर्चला वाइन मुळातच वाईट म्हणता येत नाही. तेराव्या शतकात धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने याच धर्तीवर मांडणी केली: वाइन पिणे मुळात निषिद्ध नाही, पण ज्याला ती सहज बाधते किंवा ज्याने व्रत घेतले आहे त्याने पिणे, मापाबाहेर पिणे, किंवा त्यातून इतरांना वाईट वळण लागणे, यांमुळे ते निषिद्ध ठरते.

सायकलस्वाराला बेनेडिक्ट आणि अक्वायनस या दोघांचेही निकष लागू पडतात. मठात श्रम पाहून माप वाढवता येई. सायकलस्वाराचे श्रम अजून व्हायचे असतात आणि त्याच वाटेने इतर लोकही चाललेले असतात, म्हणून त्याचे माप घटते. फ्रान्सच्या कायद्यात रक्तातल्या अल्कोहोलची प्रतिलिटर ०.५ ग्रॅमची मर्यादा मोटारचालकाप्रमाणे सायकलस्वारालाही आहे.