पहारा किती आणि केव्हा

तळहातावर मळलेला तंबाखू-चुना गालाआड धरून काम करणारी माणसे धरणगावच्या बाजारातही दिसतात आणि खानदेशातल्या शेतशिवारातही. बार रोज ठेवला जातो त्या गाल-हिरडीच्या खाचेतल्या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्राने आणि बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेने मिळून केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. वारंवार बिघडलेल्या जनुकांत टीपी-५३ होतेच. पेशीचा डीएनए दुखावला की विभाजन थांबवणारे, दुरुस्तीला वेळ देणारे आणि इजा फारच झाली तर पेशीला मरायला लावणारे पी-५३ हे प्रथिन याच जनुकातून बनते. यावरून आपण चटकन हिशेब मांडतो: जनुक शाबूत असेल तर माणूस सुरक्षित, बिघडले तर कर्करोग. हा हिशेब मला अपुरा वाटतो. रक्षक जनुक आहे की नाही, एवढ्याने पेशीचे भवितव्य ठरत नाही. त्याचे प्रथिन किती आहे, किती वेळ टिकते आणि ते काम करते का, यावरही ते ठरते.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांत टीपी-५३ धडधाकट असते. पण एचपीव्ही विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीचीच यंत्रणा वापरून पी-५३ मोडीत काढते. जनुक वाचले तर दोष सापडत नाही, पेशीत मात्र रक्षक उरलेला नसतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात याच विषाणूचा माग घेणारी चाचणी होती. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या या चाचणीने, गरजेप्रमाणे पुढचे उपचार मिळाल्यावर, या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पीटेन या दुसऱ्या रक्षक जनुकाची गोष्ट आणखी बारीक आहे. त्याची पातळी फक्त २० टक्के घटवलेल्या उंदरांतही गाठी झाल्या, हे २०१० साली दिसले. उलट, पुरःस्थ ग्रंथीत पीटेन पूर्ण नाहीसे झाले की पी-५३ जागे होऊन पेशींची वाढ रोखते, हे २००५ सालच्या प्रयोगात आढळले होते. म्हणजे थोडी घट कधी कधी संपूर्ण अभावापेक्षा गाठीच्या जास्त सोयीची ठरते.

मग पी-५३ वाढवले की झाले, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण निरोगी पेशी ते मुद्दामच कमी ठेवते. एमडीएम-२ हे प्रथिन त्याला सतत मोडीत काढत असते. २००२ साली ज्या उंदरांत पी-५३ अखंड सक्रिय ठेवले गेले, त्यांना कर्करोग कमी झाला, पण त्यांची हाडे ठिसूळ झाली, कातडी पातळ झाली आणि आयुष्य घटले. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात जनुकाची जादा प्रत तिच्या नैसर्गिक नियंत्रणासह दिली, तेव्हा कर्करोग कमी झाला आणि अकाली म्हातारपणही आले नाही. कपाशीला पाणी हवे, पण मुळाशी साचलेले नको, तसेच हे आहे. वेळेचाही भाग यात आहे. पी-५३ लाटांसारखे चढत-उतरत राहिले तर पेशी सावरून पुन्हा विभाजू शकते, तेच पातळी चढलेलीच राहिली तर विभाजन कायमचे थांबते, असे २०१२ च्या प्रयोगांनी दाखवले. एमडीएम-२ रोखणारी औषधे देताना रक्तातल्या प्लेटलेट उतरतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. गाठीसाठी वाढवलेला पहारा अस्थिमज्जेलाही जाचतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: पातळी मोजली की पुरे, असेही नाही. तंबाखूने बिघडलेल्या गाठीत पी-५३ पुष्कळदा साठलेले दिसते, कारण बिघडलेले प्रथिन लवकर मोडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके गडद रंगलेली असतात, पण त्या प्रथिनाला डीएनए नीट धरता येत नाही. म्हणून मोजमापाबरोबर कारणही शोधावे लागते. एचपीव्हीने पी-५३ संपवले असेल तर मुलींना वेळेवर लस आणि तिशीनंतर विषाणूची चाचणी, हा मार्ग आधीच हाती आहे. तंबाखूने जनुकच बिघडवले असेल तर ते पूर्ववत करणारे औषध अजून रोजच्या उपचारात नाही. तिथे बार सोडवणे आणि गालाआडचा पांढरा चट्टा किंवा तोंड पूर्ण न उघडणे वेळीच ओळखणे, हे तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकते. त्यासाठी उजेड, हातमोजे आणि तोंडात नीट पाहणारा माणूस लागतो.