नित्याचा अलंकार

वरंध घाटातून शिवथरघळीकडे अथवा महाडमार्गे रायगडाकडे दर्शनास निघालेल्या कुटुंबांत एक गोष्ट हमखास आढळते. घराबाहेर पडण्यापूर्वी गृहिणी अंगावरील सोने उतरवून कपाटात ठेवते आणि गळ्यात खोटी पोत घालते. गर्दीत चोरीचे भय असते. यात्रेपुरती ही सावधगिरी योग्यच होय. परंतु यात्रा संपून वर्ष उलटले तरी ती मोहनमाळ आणि त्या पाटल्या बँकेच्या लॉकरबाहेर येत नाहीत. घरात लग्नकार्य निघाले की दोन दिवस त्यांना उजेड दिसतो. हौसेने घडविलेला दागिना रोज ल्यावा की राखून ठेवावा, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटला तरी त्याच्या मुळाशी नीतीचा विचार आहे.

राखून ठेवणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. अशा प्रसंगी बाईच्या पाटल्या सराफाकडे गहाण पडतात आणि चूल पुन्हा पेटते, हे कोकणाला नव्याने सांगावयास नको. मात्र सोने म्हणजे धान्य नव्हे. वापरल्याने ते संपत नाही, गंजतही नाही. बावीस कॅरटच्या सोन्यात चोवीस भागांपैकी बावीस भाग सोने आणि उरलेले दोन भाग तांबे, चांदी यांसारखे धातू असतात, ते त्यास कठीणपणा यावा म्हणूनच. एकमेकींवर घासणाऱ्या बांगड्या थोड्या झिजतात, एवढेच. खरेदीच्या वेळी 916 चा हॉलमार्क आणि सहा अक्षरांचा ओळखक्रमांक पाहून घेतला, तर अंगावरचा दागिनाही अडचणीला तितकाच उपयोगी पडतो. मोत्यांचे थोडे निराळे आहे. घाम व अत्तर त्यांना मानवत नाही. काढून ठेवताना मऊ कापडाने पुसावे लागतात. पण तेवढ्यासाठी नथ वर्षभर डबीत कोंडून ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप विरक्तीचा. दासबोधाची रचना शिवथरघळीत झाली, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथात समर्थांनी देहाच्या शृंगारापेक्षा अंतरीच्या चातुर्याला मोठे मानले आहे. म्हणून लेणेच टाकावे, असा अर्थ काही जण काढतात. तो ओढूनताणून काढलेला वाटतो. उलट, जो दागिना रोज अंगावर असतो त्याचा गर्व लवकर ओसरतो. वर्षातून एकदा चारचौघांत मिरविण्यासाठी काढलेल्या दागिन्यातच दिखावा अधिक असतो.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार महाडच्याच भूमीवर झाला. डिसेंबर 1927 मध्ये तेथील सत्याग्रह परिषदेस आलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, ते लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी. गळ्यातील अनेक गळसऱ्या आणि कोपरापर्यंत चढविलेले चांदीचे वा कथलाचे गोट-पाटल्या यांवरून त्या स्त्रिया अस्पृश्य म्हणून दुरूनच ओळखल्या जात. ती खूण टाकून द्यावी, गळ्यात एकच गळसरी पुरे, दागिना घालायचाच तर सोन्याचा घालावा, नाहीतर घालूच नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. लगोलग अनेकींनी लुगडे नेसण्याची रीत बदलली. जो दागिना आपण निवडला नाही, जो इतरांनी आपली पायरी दाखविण्यासाठी अंगावर ठेवला, त्याला अलंकार म्हणता येत नाही. वजन किती, घडण कशी, हे त्यानंतरचे प्रश्न. स्वतः निवडलेला नाजूक एक सर त्या कोपरभर कथलापेक्षा निश्चित मोलाचा.

निवड अशी आपली असली की परके रूपही आपले होते. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आली. आज तिला परदेशी म्हणणारी मराठी स्त्री शोधून सापडणार नाही.

हाच विचार देवास दागिना अर्पण करतानाही लागू पडतो. मूल बरे व्हावे, खटला सुटावा म्हणून घरातील कर्ता पुरुष नवस बोलतो आणि फेडण्याची वेळ आली की पत्नीच्या गळ्यातील पुतळ्या उतरतात. कित्येकदा ती आनंदाने देते. कित्येकदा तिला विचारलेलेच नसते. स्त्रीधन हे सर्वस्वी स्त्रीचे, पती त्याचा फक्त सांभाळ करणारा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. दुसऱ्याच्या वस्तूचे दान करण्याचा अधिकार कोणालाच नसतो, मग ते देवाच्या नावाने का असेना. म्हणून दागिना देवाच्या चरणी ठेवण्यापूर्वी तो रोज अंगावर वागविणाऱ्या स्त्रीला घरीच, मोकळेपणाने विचारावे. तिने नको म्हटले तर नवस फुलांनी किंवा अन्नदानाने फेडावा. तिने होकार दिला, तर पावतीवर नाव तिचेच घालावे.